कोबेच्या तव्यासमोर खेडचा खाणावळवाला

तीस वर्षं मी माणसांना एकच प्रश्न विचारत आलोय, "काय देऊ?" खेडच्या एसटी डेपोपासून हाकेच्या अंतरावर आमची खाणावळ. छापील मेनूकार्ड आमच्याकडे कधी नव्हतंच. टेबलाशी उभं राहायचं आणि आज काय आहे ते तोंडानं सांगायचं. सुरमई आहे, बांगडा आहे, तिसऱ्यांचं सुकं आहे, कोंबडी-वडे आहेत. गिऱ्हाईक सुरमई म्हणतं, आणि मी म्हणतो, "आज बांगडा घ्या." महाग मासा मागणाऱ्याला स्वस्त मासा सुचवायला छाती लागते. ती आपल्याकडे आहे.

पण मला कुणी "काय घेणार?" असं विचारलं की माझी बोबडी वळते. त्यामुळे परक्या गावात कुठल्याही हॉटेलात गेलो की मी टेबलावर बसतच नाही. सरळ मागे भटारखान्यात जातो आणि चुलीपाशी असेल त्याला विचारतो, "तू स्वतः काय जेवणार आहेस आज?" तो जे सांगेल ते माझं ताट. मालक थाप मारतो, मी मालक आहे, मला माहीत आहे. स्वयंपाक्याचं स्वतःचं ताट मात्र थाप मारत नाही.

ही सवय माझ्या मुलीला, स्नेहलला, लहानपणापासून लाज आणते. म्हणून जपानला निघायच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला तो याच विषयावर. "बाबा, बाकी काही करा. पण इथे कुठल्या हॉटेलात आत घुसू नका. मला वचन द्या." दिलं. न देऊन सांगतो कुणाला, जायचं कारणच तसं होतं.

स्नेहल चार वर्षं कोबे शहरात नोकरीला आहे, आणि तिथल्याच केन्ता नावाच्या मुलाशी तिला लग्न करायचं आहे. माझा विरोध तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी तो मुलगा व्हिडिओ कॉलवर आला, "नमस्कार" म्हणाला, आणि स्नेहलनं केलेली कुळथाची पिठी वाटी तोंडाला लावून प्यायला. वर आणखी मागितली. सुनंदा, म्हणजे आमची बायको, तिथेच विरघळली. अडचण होती ती केन्ताच्या वडिलांची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात हे दोघेच. वडील हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. "मुलीच्या आईवडिलांना एकदा भेटतो, मग बोलतो," एवढंच त्यांचं उत्तर होतं. म्हणून नवरात्र संपल्यावर खाणावळ आठवडाभर भावावर सोपवली आणि आम्ही दोघं निघालो.

कोबे

विमानाचं वर्णन करत नाही, बसलो आणि उतरलो. कोबे बघून मात्र मला फार बरं वाटलं. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि मधल्या पट्टीत माणसांनी कसंबसं बसवलेलं गाव. आपल्याकडे असतं तेच, फक्त इथे पट्टी धुऊनपुसून ठेवलेली. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. मी खिशातलं बसचं तिकीट टाकायला जागा शोधत अर्धा तास फिरलो आणि शेवटी ते खेडला घेऊन आलो.

स्नेहलचं घर म्हणजे आमच्या खाणावळीची मोरी आणि वर एक खोली. आम्हाला काय, खाली गादी टाकून झोपायची सवयच आहे. पण तिथे संडासाच्या चपला वेगळ्या असतात, त्या तिथेच काढून ठेवायच्या. पहिल्याच दिवशी मी त्याच चपला घालून बाहेर आलो आणि केन्ता न्यायला आला होता त्याच्यासमोर ऐटीत उभा राहिलो. केन्तानं माझ्या पायांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. पोर गुणी आहे हे मला तेव्हाच कळलं.

सुनंदाचं दुखणं वेगळं होतं. तिला तिथलं जेवण आवडलं, पण तिखट कशालाच नाही. दुसऱ्या दिवसापासून ती घरच्या मसाल्याची छोटी डबी पर्समध्ये घेऊन फिरायला लागली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पानावर भुरभुरवायला लागली. ही डबी लक्षात ठेवा.

आकाशीचा मासळीबाजार

कोबेहून थोड्या अंतरावर आकाशी नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथला मासळीबाजार दाखवायला केन्तानं आणि स्नेहलनं सुट्टी काढली होती. दोन्ही बाजूंना दुकानं, वर छप्पर, खाली ओली फरशी, आणि वास मात्र जवळजवळ नाहीच. मी तर आधी संशयानंच बघत होतो. वास नाही म्हणजे मासा आहे कुठला?

पण बांगडे पाहिले आणि संशय गेला. निळे, ताठ, डोळे काचेसारखे. सुनंदाला राहवलं नाही. तिनं एक बांगडा उचलला आणि अंगठ्यानं कल्ला उघडून आत बघितलं. दुकानातली बाई ओरडलीच. तिथे माशाला हात लावत नाहीत, बोटानं दाखवायचं फक्त. केन्ता कमरेत वाकून माफी मागायला लागला. सुनंदानं मात्र त्या बाईकडे बघून शांतपणे मान डोलावली, म्हणजे 'माल चांगला आहे.' मग त्या बाईनं स्वतःच शेजारचा एक मासा उचलला, त्याचा कल्ला उघडून सुनंदाच्या नाकासमोर धरला आणि तोऱ्यात काहीतरी बोलली. सुनंदा मराठीत म्हणाली, "हो गो, हापण ताजा आहे." पुढे पाच मिनिटं दोघी बोलत होत्या, दुभाष्या कुणी लागला नाही.

तेवढ्यात एका टोपलीतून ऑक्टोपस बाहेर पडून रस्त्यानं चालायला लागला. आकाशीत हे नेहमीचं म्हणे. केन्ता त्याच्यामागे धावला, पकडला, आणि तो त्याच्या मनगटाला जो चिकटला तो सुटेना. त्याला सोडवताना आम्ही इतके हसलो की मला खोकल्याची उबळ आली.

हसणं थांबलं ते केन्तानं स्नेहलला हळूच सांगितलेल्या एका वाक्यानं. त्याच्या वडिलांनी शनिवारी दुपारी आमच्यासाठी जागा राखून ठेवली होती. कुठे, ते ऐकून पोरीचा चेहरा उतरला.

परतीच्या गाडीत तिनं सांगितलं. केन्ताचे वडील, मोरितासान (सान म्हणजे आपलं राव), मूळचे तिथल्या डोंगरातल्या खेड्यातले. त्या डोंगरातली गुरं साऱ्या जगात नावाजलेली आहेत, ती मांसासाठीच. त्याचे जाड काप मोठ्या तव्यावर समोर भाजून देणारं एक जुनं हॉटेल आहे, आणि मोरितासान फक्त मानाच्या पाहुण्यांनाच तिथे नेतात.

"मग सांग ना त्यांना, आपण ते खात नाही म्हणून," सुनंदा म्हणाली.

"केन्ताला माहीत आहे. पण वडिलांना सांगायची त्याची हिंमत होत नाही. आई, ते त्यांच्या गावचं आहे."

मला ते नको तितकं समजलं होतं. मे महिन्यात कुणी पाहुणा आमच्या दारात आला, मी त्याच्यासमोर आमच्या कलमाचा हापूस कापून ठेवला, आणि तो म्हणाला, "आम्ही आंबा खात नाही हो." मी तोंडानं 'बरं' म्हणेन. पण त्या माणसाच्या घरी मुलगी देईन का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. इथे तर नाकारणारा मी होतो, आणि मुलगीही माझीच होती.

शनिवार, दुपार

हॉटेल लहान आणि गप्प होतं. लाकडी ओटा, त्याच्या मधोमध लोखंडी तवा, आमच्या भाकरीच्या तव्याच्या वीसपट तरी. तव्यापलीकडे उंच पांढरी टोपी घातलेला साठीचा स्वयंपाकी, अलीकडे ओळीनं आम्ही पाच जण. मोरितासान उंच, वाळलेले, कोटाचं प्रत्येक बटण लावलेलं. आम्ही आंबापोळी आणि काजूगर दिले, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, वाकले, आणि न उघडता बाजूला ठेवले. तिथे देणाऱ्यासमोर भेट उघडत नाहीत, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, झालं, पहिल्या घासाला खडा.

माझं लक्ष मात्र सारखं त्या स्वयंपाक्याकडे जात होतं. तो तवा पुसत होता. आधी कडेनं, मग मध्ये, मग फडकं उलटून पुन्हा कडेनं. भटारी कसा आहे हे मी तवा पुसण्यावरून ओळखतो. हा माणूस पहिल्या नंबरचा होता आणि मला त्याच्याशी बोलायला बंदी होती.

लग्नपत्रिकेसारखं जाड कार्ड हातात आलं. चित्रांत लाल मांसाचे काप, त्यांचे प्रकार, शेवटच्या पानावर कोपऱ्यात कोळंबी आणि मासा. मोरितासान बोलले, स्नेहलनं ते मराठीत सांगितलं. "हे माझ्या गावाकडचं आहे. कुठला भाग हवा तो तुम्ही निवडा. तुम्ही निवडाल तेच मी घेईन."

आता आली का पंचाईत. आमचं ताट चुकलं तर त्यांचंही चुकणार. सुनंदा माझ्या कानाशी लागली, "अहो, पोट बिघडलंय म्हणा."

"तीस वर्षांत मी हजार वेळा ऐकलंय ते. एकदाही खरं वाटलेलं नाही."

"मग आज वार आहे म्हणा, उपास आहे म्हणा."

"उपास म्हटलं तर कोळंबीपण जाईल."

ती कोळंबीच्या चित्राकडे बघत राहिली. स्नेहल खाली मान घालून हातरुमालाच्या घड्या घालत होती. केन्ताच्या कपाळावर घाम होता. आम्ही बाकीचे ते कार्ड अभ्यासाला बसल्यासारखे वाचत होतो, आणि त्यातल्या दोघांना एक अक्षर येत नव्हतं.

आम्हाला ठरवता येत नाही असं समजून स्वयंपाकी आत गेला आणि लाकडी तबकात मांसाचा मोठा तुकडा घेऊन आला. लाल रंगात पांढऱ्या बारीक रेषांची जाळी. खोटं कशाला बोलू, कारागिरी म्हणून बघितली तर देखणी होती. त्यासोबत चौकटीतला एक कागद त्यानं अदबीनं सुनंदासमोर ठेवला. कागदावर काळा ठसा होता.

"हे काय गो, अंगठा उठवलाय कुणी?" सुनंदानं विचारलं.

"नाकाचा ठसा आहे, आई. तिथल्या प्रत्येक जनावराची नोंद असते. कुठे जन्मलं, आई कोण, सगळं लिहिलेलं असतं."

सुनंदानं तो ठसा बराच वेळ बघितला. जगबुडी नदीपलीकडच्या गावात आमचं घर आहे, तिथे गोठ्यात चार गाई आहेत, आणि त्या सुनंदाच्या आहेत. मी त्यांच्या दुधाचा धनी, बाकी त्या माझं काही ऐकत नाहीत. तिनं सहज विचारलं, जसं ती कुणाच्याही गोठ्यात विचारते, "नाव काय हिचं?"

"आई, नको," स्नेहल पुटपुटली.

पण मोरितासाननी मान वळवली होती. त्या काय म्हणाल्या, असं त्यांनी मुलाला विचारलं. स्नेहलमुळे केन्ताला मराठी थोडंफार समजायचं; तो आमच्याकडे बघून अडखळला, आणि मग त्यानं सांगून टाकलं. स्वयंपाक्याच्या हातातलं उलथणं हवेतच राहिलं. त्या ओट्याशी बसून मांसाचं नाव आजवर कुणी विचारलं नसावं.

मोरितासाननी खिशातून चष्मा काढला, कागद जवळ ओढला आणि वाचलं, "युकिहिमे." स्नेहलनं हळू आवाजात अर्थ सांगितला, बर्फाची राजकन्या.

सुनंदानं हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आमच्याकडे चार आहेत," ती म्हणाली. "चांदी, कपिला, सोनी आणि ठुमकी. नाव ठेवलं की मग ते आपल्याच्यानं होत नाही." स्नेहलला ते जपानीत सांगता येईना. केन्तानंच जमेल तसं सांगितलं.

आता मागे फिरायला वाट नव्हती, आणि मला ते सोपंच वाटलं. मी स्नेहलला म्हणालो, "बाय, सगळं सांग त्यांना, काही गाळू नकोस. आम्ही हे खात नाही. तुमच्या गावचं आहे, म्हणून सांगायला जीभ उचलत नव्हती. माझ्या गावचा आंबा कुणी नाकारला तर मला राग येईल. तुम्हालाही येऊ दे. पण खोटं बोलून सोयरीक नको."

स्नेहलनं सगळं सांगितलं.

मोरितासाननी तो ठशाचा कागद पुन्हा समोर ओढला. मग ते बोलू लागले, आणि स्नेहल आमच्या कानाशी सांगत गेली. हे केन्ताही पहिल्यांदाच ऐकत होता. त्यांचे वडील वासरं पाळायचे. त्यांतली एक कालवड ह्यांच्या वाट्याची होती, रोज शाळेतून आल्यावर हे तिला ब्रश करायचे. बाजाराच्या दिवशी तिला गाडीत चढवली, तेव्हा ते गाडीमागे पुलापर्यंत धावले. मांस ते खातात, आवडीनं खातात, तसं काही नाही. पण तिच्याबद्दल त्यांना घरात कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

"तिचं नाव काय होतं?" सुनंदानं विचारलं. आमची ही थांबायची नाही.

मोरितासाननी मान हलवली. नाव सांगितलं नाही. सुनंदानंही पुन्हा विचारलं नाही. त्यांनी स्वयंपाक्याला खूण केली, तबक आणि कागद आत गेले. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तर मग, काय घेऊ या?"

स्वयंपाक्यासकट सगळे माझ्याकडे बघत होते. मी स्नेहलकडे बघितलं. "बाय, मी आत घुसत नाहीये, बसूनच विचारतो. ह्यांना विचार, ते स्वतः आज काय जेवणार आहेत."

तिनं डोळे मिटून घेतले, पण विचारलं. स्वयंपाकी आधी दचकला. मग टोपीखालचा तो गंभीर चेहरा हळूहळू पसरला. त्यानं सांगितलं, गिऱ्हाईक गेल्यावर तव्याच्या कोपऱ्यात लसूण घालून भात परततात, तो खाली लागून करकरीत होईपर्यंत हलवत नाहीत, आणि सोबत दिवसभरात कुणी न मागितलेलं माशाचं डोकं.

"म्हणजे खरवड," मी म्हणालो. भांड्याच्या तळाला लागलेला तो खरपूस भात आमच्या घरात मी कुणाला देत नाही. "पाच ठिकाणी तेच द्या. आणि कोळंबी," कारण सुनंदानं मला ओट्याखालून चिमटा काढला.

मोरितासाननी आपलं कार्ड मिटलं आणि कोटाचं वरचं बटण काढलं.

भात परतला गेला, लाल माशाची डोकी चिरून तव्यावर आडवी झाली. सुनंदानं ती डबी काढली आणि स्वयंपाक्यापुढे धरली. त्यानं वास घेतला, मान डोलावली, आणि आम्ही काही सांगायच्या आत अर्धी डबी तापलेल्या लोखंडावर ओतली. आमचा मसाला, आणि तो तवा. पहिला ठसका केन्ताला लागला, मग स्नेहलला, मग पलीकडच्या कोपऱ्यात बसलेल्या दोन साहेबांना, मग आत कुणीतरी शिंकलं. स्वयंपाक्याची टोपी पडली. मोरितासान शिंकत होते, डोळे पुसत होते आणि हसत होते, अगदी पोटापासून. केन्ता बापाकडे बघतच राहिला. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला.

ती डोकी आम्ही सगळ्यांनी हातानं खाल्ली. मोरितासाननी डोळ्यामागचा मऊ भाग काढून सुनंदाच्या पानात ठेवला. आमच्याकडे तो घरातल्या लाडक्या माणसाला देतात, त्यांच्याकडेही तसंच असावं.

दारात निरोप घेताना ते मुलाशी दोन वाक्यं बोलले आणि ताठ चालत गेले. स्नेहल रडायला लागली. मी घाईनं विचारलं, "काय म्हणाले गो?"

"म्हणाले, लग्न खेडला असेल तर गोठा बघायला मिळेल का."

दुसऱ्या दिवशी केन्ताकडून निरोप आला, आंबापोळी संपली, आणखी आहे का.

मे महिना, खेड

लग्न झालं. ते कसं झालं हे इथे लिहीत नाही, तो वेगळाच गोंधळ. मोरितासान आठ दिवस राहिले. खाणावळीत पहिल्या दिवशी मी टेबलाशी उभा राहून "काय देऊ?" म्हणायला गेलो, तर खुर्ची रिकामी. हा माणूस आत चुलीपाशी उभा, आमच्या जेवण करणाऱ्या बाईंना खुणेनं विचारतोय, तुम्ही काय जेवणार. त्यांना बांगड्याचं तिखलं आणि भाकरी मिळाली. आंबा त्यांनी रोज खाल्ला, कोयीला काही शिल्लक ठेवलं नाही.

शेवटच्या सकाळी सुनंदा त्यांना गोठ्यात घेऊन गेली. ते एकेका गाईपुढे थांबायचे आणि शिकून घेतलेला एकच शब्द विचारायचे, "नाव?" चांदी. कपिला. सोनी. ठुमकी. शेवटी ठुमकीची दहा दिवसांची कालवड होती. तिच्यापाशी ते वाकले, "नाव?"

"ठेवलं नाही," सुनंदा म्हणाली. "तुम्ही यायची वाट बघत होतो. तुम्ही ठेवा."

केन्तानं सांगितलं. मोरितासान गुडघ्यावर बसले, शेणामातीत, चांगल्या पँटीत. कालवड त्यांची बोटं चाटत होती. त्यांनी चष्मा काढला, कालवडीच्या कपाळावर हात ठेवला आणि साठ वर्षं कुणाला न सांगितलेलं नाव सांगितलं.

आता रोज सकाळी आमच्या गोठ्यातून हाक येते, "हाना, ये गो."